गाडी म्हणते, मामा झोपले

आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीचं ऑफिस मुलुंडला, यार्डाच्या वरच्या मजल्यावर. खाली ट्रक उभे असतात आणि वर आम्ही. मी इथे लागले तेव्हा माझं काम म्हणजे फोन. कुठली गाडी कुठे पोचली, माल उतरला का, ड्रायव्हर जेवला का, सगळं फोनवर विचारायचं आणि भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर लिहायचं. मग शेठनी गाड्यांना यंत्रं बसवायची ठरवली. गाडी कुठे आहे, किती वेगाने चाललीय, ब्रेक कसा मारला, डिझेल किती उरलं, हे सगळं आपोआप स्क्रीनवर. केबिनमध्ये छोटा कॅमेरा, तो ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघणार. ड्रायव्हर पेंगला तर गाडीतच एक बाई हिंदीत ओरडणार आणि मला अलर्ट येणार.

सुरुवातीला मोजक्याच गाड्यांना बसवलं, आणि खरं सांगते, मला ते फार आवडलं होतं. गाड्या थोड्या, ड्रायव्हर ओळखीचे. अलर्ट आला की मी फोन करायची, "काय हो, झोपलात की काय?" तो हसायचा, टपरीवर थांबून चहा प्यायचा. एकदा नाशिकच्या रस्त्यावर आमचा एक ड्रायव्हर खरोखर पेंगला होता आणि त्या बाईच्या ओरडण्याने जागा झाला. मी घाटकोपरला घरी जाऊन सगळ्यांना कौतुकाने सांगितलं.

मग शेठनी मेहुण्याचा धंदा विकत घेतला. त्याच्या सगळ्या गाड्या आमच्यात आल्या. शेठ म्हणाले, "आता सगळ्यांना बसवायचं. मोठ्या कंपन्या विचारतात, तुमच्या गाड्या कनेक्टेड आहेत का? नाही म्हटलं तर काम देत नाहीत."

"शेठ, गाड्या वाढल्या, बघणारी मी एकटीच," मी म्हटलं.

"अगं, तू कशाला बघायचंय? सिस्टीम बघणार!"

सिस्टीम काही बघत नव्हती. ती फक्त ओरडत होती, आणि बघायचं मलाच होतं. भिंतीवरचा फळा काढून तिथे मोठा टीव्ही लावला आणि त्यावर दिवसभर लाल ठिपके. गाडी जोगेश्वरी-विक्रोळी रोडच्या खड्ड्यात आपटली की अलर्ट: जोरात ब्रेक मारला. गाडी पुलावरून चालली असली तरी यंत्राला वाटायचं ती खालच्या गल्लीतून चाललीय. लगेच अलर्ट: वेगमर्यादा ओलांडली. आमच्याच यार्डात उभी असलेली गाडी म्हणे रस्ता चुकली! एक ड्रायव्हर दाढदुखीने गालाला हात लावून चालवत होता, त्याला यंत्राने फोनवर बोलताना पकडलं.

प्रत्येक अलर्ट मी बंद करायचा. बंद करताना कारण निवडायचं. 'चालकाशी बोलले', 'चालकाला समज दिली', 'चालकाला विश्रांती दिली'. आधी तिथे 'इतर' असं एक कारण होतं. मी सारखी तेच निवडते म्हणून यंत्रवाल्यांनी ते काढूनच टाकलं. आता खड्ड्यासाठी कोणाला समज देऊ? रस्त्याला?

भाचीच्या हळदीला मी गेले होते. हाताला हळद, आणि पर्समध्ये फोन गुरगुरतोय. बहीण म्हणाली, "बंद कर ना तो." बंद केला. दुसऱ्या दिवशी शेठनी विचारलं, काल तुझा रिस्पॉन्स टाइम का वाढला? मी जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर अशा सगळ्या वैतागात मामांचं प्रकरण सुरू झालं.

मामा आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. देवगडकडचे. वडील परळच्या गिरणीत होते, गिरणी बंद पडली, मामांनी स्टिअरिंग धरलं. यार्डात सगळे त्यांना मामाच म्हणतात, मीही. बोलणं मालवणी, स्वभाव तिखट. शर्टाला इस्त्री असल्याशिवाय गाडीत बसणार नाहीत. त्यांचा डावा डोळा लहानपणापासून किंचित बारीक. झाडावरून पडल्याची जुनी खूण आहे भुवईखाली. आमच्या कोणाच्या लक्षातही यायचं नाही ते आता.

एका दुपारी त्यांच्या गाडीचा अलर्ट आला: चालक झोपला आहे. मी फोन केला. त्यांनी गाडी बाजूला घेऊन उचलला.

"मामा, झोप येतेय का?"

"माका झोप येणा नाय! मी झोपलंय तर गाडी कोण चलवता?"

दुसऱ्या दिवशी परत. मग रोजच. यंत्रातली बाई त्यांना ऐकवायची, "आपको नींद आ रही है, कृपया आराम करें," आणि मामा तिला मालवणीत जे ऐकवायचे ते रेकॉर्ड व्हायचं, आणि त्याचा वेगळा अलर्ट मला यायचा: चालक उत्तेजित आहे.

मला खात्री होती की यंत्र बिघडलंय. कारण अगदी साधं होतं. पहिल्या मोजक्या गाड्यांत मामांची गाडी होती, आणि तेव्हा त्या कॅमेऱ्याने त्यांना एकदाही झोपलेलं म्हटलं नव्हतं. डोळा तेव्हाही तसाच होता. मग मधल्या काळात काय बदललं? यंत्रवाल्यांनी सॉफ्टवेअर बदललं. म्हणजे चूक त्यांची. मी तक्रार टाकली. उत्तर आलं, आपली तक्रार महत्त्वाची आहे. चार दिवसांनी दुसरं उत्तर आलं, आपली समस्या सुटली आहे, कृपया आम्हाला गुण द्या. समस्या सुटली नव्हती. मी पुन्हा तक्रार टाकली, ती पुन्हा सुटली.

शेवटी मी फोनवर इतकी भांडले की त्यांची मॅनेजर स्वतः आली. अंधेरीला त्यांचं काचेचं ऑफिस आहे, तिथून टॅक्सी करून. बाई वाईट नव्हती, पण तिच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'मॅम' असायचं आणि उत्तर कुठेच नसायचं.

"मॅम, कॅमेरा पापणी मोजतो. पापणी किती वेळ खाली आहे ते."

"मग त्यांची पापणी आहेच खाली. लहानपणापासून. त्यांच्यासाठी मोजणं बदला ना."

"एकेका ड्रायव्हरसाठी बदलता येत नाही, मॅम. इतक्या गाड्यांवर ते स्केल होत नाही."

"बरं, मग त्यांचा झोपेचा अलर्ट बंद करून टाका."

"ती रिक्वेस्ट मी टाकते, मॅम." मग थोडा विचार करून म्हणाली, "तोवर ड्रायव्हरना सांगून बघता का, डोळे जरा मोठे ठेवायला?"

मामा जिन्यात उभे राहून ऐकत होते. ते आत आले, दोन्ही डोळे वटारून तिच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "इतके पुरेत?" बाई घाबरून दोन पावलं मागे सरकली.

त्यानंतर मामांनी स्वतःच उपाय केला. मामीची टिकली आणून कॅमेऱ्यावर चिकटवली. दोन दिवस शांतता होती, पण यंत्राने तेही ओळखलं. कॅमेरा झाकला, म्हणजे सगळ्यात मोठा गुन्हा. मामांचं नाव स्क्रीनवर लाल झालं आणि खाली ओळ आली: या चालकाला ड्यूटीवर पाठवू नये.

मी शेठकडे गेले. "शेठ, हे अति झालं. इतकी वर्षं गाडी चालवतायत, एक ओरखडा नाही. आणि एक डबडं सांगतंय म्हणून त्यांना बसवून ठेवायचं?"

शेठ म्हणाले, "मला कळत नाही का? पण हा स्क्रीन आपल्या गिऱ्हाइकांनापण दिसतो. लाल नाव असलेल्या माणसाच्या हातात ते माल देणार नाहीत. तूच सांग, काय करू?"

"मी एक दिवस मामांबरोबर गाडीत बसते. फोनवर त्यांच्या तोंडाचा व्हिडिओ काढते. माणूस टक्क जागा आहे आणि यंत्र झोपला म्हणतंय, हे दोन्ही शेजारी शेजारी दाखवते. मग बघू कोण काय बोलतं."

शेठना ते पटलं. एका दिवसासाठी त्यांनी स्वतः मामांचं नाव मोकळं करून घेतलं.

आम्ही सकाळी निघालो. माहुलहून वंगणतेलाची पिंपं भरायची आणि जोगेश्वरीच्या गोदामात उतरवायची, एवढीच फेरी. मी डावीकडच्या सीटवर, मांडीवर डबा, हातात फोन. मामांचा शर्ट कडक इस्त्रीचा. मुलुंडहून हायवेला लागलो, ट्रॅफिक होता, तरी यंत्रातली बाई गप्प. माहुलपर्यंत चकार शब्द नाही. मामा खूश. "बघितलास? आज तू आसस म्हणान घाबरली ती."

मलाच वैताग आला. रोज बोंबलणारं यंत्र नेमकं आजच शहाणं! आता व्हिडिओत दाखवू काय?

माहुलला लाइन मोठी होती. रिफायनरीचा तो उग्र वास, ऊन तापलेलं, आणि पुढची गाडी हलेना. आम्ही केबिनमध्येच डबे उघडले. मामींनी भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी दिली होती. मामा दोन घास खाऊन थांबले. जरा वेळाने आणखी एक घास घेतला, बराच वेळ चावत बसले आणि भाकरी गुंडाळून ठेवली.

"का हो? भांडलात की काय मामींशी?"

"चावान चावान कंटाळो येता," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

पिंपं भरून निघालो तेव्हा दुपार कलली होती. घाटकोपरच्या आसपास यंत्रातली बाई पहिल्यांदा बोलली. मला आनंद झाला! मी लगेच फोन उचलून व्हिडिओ सुरू केला. मामा माझ्याशी शेठच्या मेहुण्याबद्दल काहीतरी बोलत होते, पूर्ण जागे. मला हवं होतं तेच. पुढे जोगेश्वरी-विक्रोळी रोडला वळलो. पवई मागे पडली आणि मग बाई थांबेचना. नींद आ रही है, नींद आ रही है. मामांनी तिला शिव्या घातल्या. मी फोन आणखी जवळ नेला आणि फोनच्या पडद्यावर त्यांचा चेहरा पहिल्यांदा नीट बघितला.

डाव्या डोळ्याबरोबर उजवी पापणीही खाली आली होती. अर्ध्या बुबुळापर्यंत. मामा हनुवटी वर करून, मान मागे टाकून, पापण्यांच्या खालून रस्ता बघत होते. सकाळी ते असे बसले नव्हते. हे काय चाललंय, असं मी म्हणणार तेवढ्यात त्यांनी एका हाताच्या बोटाने उजवी पापणी वर उचलून धरली. अगदी सवयीने, डोक्यावरची टोपी सारखी करावी तशी.

"मामा?"

"ताई, पुढे एक बस आसा की दोन?"

पुढे एकच बस होती. आरेकडे वळायच्या सिग्नलला उभी.

मी फोन मांडीवर टाकला. "एक आहे. एकच आहे, मामा. गाडी बाजूला घ्या. आत्ता घ्या!"

त्यांनी काही वाद घातला नाही. हळूहळू, माझ्या सांगण्याबरोबर, गाडी कडेला घेतली आणि बंद केली. चावी काढून माझ्या हातात दिली.

मी खाली उतरले आणि त्यांच्यावर अशी ओरडले की शेजारचा नारळवाला बघत राहिला. "कधीपासून दोन दिसतायत? मी सगळ्या जगाशी भांडतेय तुमच्यासाठी! अलर्ट बंद करायला सांगितले मी! काय झालं असतं?"

मामा पायरीवर बसले होते, डोळे मिटून. "सकाळी बरा असता," ते म्हणाले. "दुपारनंतर पापण्या जड होतत. माका वाटला, वयान होता. मी कोणाक सांगूक नाय. सांगतलंय असतंय तर गाडी काढून घेतल्यात असती."

मी नारळ घेतला आणि त्यांच्या हातात दिला. शेठना फोन करून दुसरा ड्रायव्हर मागवला. तो येईपर्यंत मामा तसेच डोळे मिटून बसून होते, आणि जेव्हा उघडले तेव्हा पापण्या बऱ्यापैकी वर होत्या. तेवढ्या विश्रांतीने. मी कपाळाला हात लावला. म्हणजे संध्याकाळी यार्डात परतल्यावर चहा पिऊन आमच्यासमोर येणारे मामा आम्हाला नेहमीसारखेच दिसणार, त्यात काय नवल! आणि एक डोळा बारीक आहेच, हे आम्ही सगळे इतकं धरून चाललो होतो की दुसरा बघितलाच नाही कोणी.

दुसऱ्या दिवशी मी आणि मामी त्यांना घेऊन सरकारी हॉस्पिटलात गेलो. वाटेत मामींनी पिशवी मामांच्या हातात दिली नाही, स्वतःच धरली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी बरंच विचारलं. चावताना थकायला होतं का, संध्याकाळी आवाज बसतो का. मग त्यांनी बर्फ मागवला, हातमोज्यात घातला आणि मामांच्या पापणीवर धरून ठेवला. थोड्या वेळाने काढला. पापणी वर गेली होती. नुसत्या बर्फाने! मामी म्हणाल्या, "अगो बाई!"

डॉक्टरांनी समजावलं. नसांकडून स्नायूंना जो निरोप जातो तो नीट पोचत नाही, म्हणून वापरला की स्नायू थकतो, विश्रांती मिळाली, थंडावा मिळाला की तात्पुरता सुधारतो. पुढच्या तपासण्या नसांच्या डॉक्टरांकडे झाल्या आणि तेच निघालं. गोळ्या सुरू झाल्या. हा आजार आटोक्यात राहतो, पण घाई करायची नाही, आणि ट्रक चालवायचा नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मामा त्या डॉक्टरांशीही भांडले.

इकडे मी अंधेरीच्या मॅनेजरबाईला फोन करून सांगितलं की ती अलर्ट बंद करायची रिक्वेस्ट आता नको. ती म्हणाली, "मॅम, ती अजून कोणी उघडलेलीच नव्हती." त्यांच्या आळसाने माणूस वाचला म्हणायचा. यावर चिडावं की त्यांना पेढे द्यावेत, मला आजही ठरवता आलेलं नाही.

पण खरी माझी सटकली ती नंतर. अंधेरीच्या एका हॉटेलात यंत्रवाल्यांचा कार्यक्रम होता. बाकीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांना बोलावलेलं, हजारो गाड्यांवर ही यंत्रणा कशी वाढवायची ते समजावणार. शेठ मला घेऊन गेले. पडद्यावर एकामागून एक चित्रं, आणि एका चित्रावर मोठ्या अक्षरांत: आमच्या यंत्रणेने चालकाचा गंभीर आजार ओळखला. खाली एक हसणारा, गोरापान, मामांशी काही संबंध नसलेला ड्रायव्हर. मॅनेजरबाईने मला स्टेजवर बोलावलं. "मॅम, तुमचा अनुभव सांगा ना."

मी माईक घेतला. "यंत्राने आजार ओळखला नाही," मी म्हटलं. "यंत्र म्हणत होतं, माणूस झोपलाय. तो झोपला नव्हता. त्याने दहादा सांगितलं, झोप नाही, आणि ते खरं होतं. मी म्हणत होते यंत्र चुकतंय, तेही अर्धं खरं होतं. रोज दुपारी एकाच माणसाबद्दल तोच अलर्ट येतोय, एवढं एका जरी माणसाने शांतपणे बघितलं असतं, तर आम्ही त्यांना कधीच डॉक्टरकडे नेलं असतं. पण शांतपणे बघायला वेळ कुणाला आहे? मी तर दिवसभर खड्ड्यांना समज देत असते."

हॉलमध्ये हशा पिकला. मी विनोद केला नव्हता. शेठनी खाली आल्यावर मला हळूच म्हटलं, "बरं बोललीस, पण जरा जास्त बोललीस." तरी दुसऱ्या महिन्यात त्यांनी माझ्या मदतीला एक बाई ठेवली. आता आम्ही दोघी आलटून पालटून स्क्रीन बघतो, आणि एकाच ड्रायव्हरचा तोच अलर्ट परत परत आला की स्क्रीन सोडून आधी त्याला यार्डात बोलावतो. काही वेळा काहीच निघत नाही. एकाला नुसती घरची काळजी होती, झोप लागत नव्हती. बसवून ऐकून घेतलं.

मामा आता यार्डातच असतात, माल भरण्यावर देखरेख करतात. गोळ्यांनी पापण्या सावरल्या आहेत, भाकरी पुरी खातात. शेठनी आधी त्यांना गेटवर बसायला सांगितलं होतं, तर म्हणाले, वॉचमन होण्यापरास गावाक जातंय. नवीन ड्रायव्हरने गाडी रिव्हर्स घेतली की मामा इतकं बोलतात की तो पुढच्या वेळी दुसऱ्या शिफ्टला येतो. मी त्यांना सांगून थकले.

मागच्या आठवड्यात मी शेठच्या मागे लागून यार्डात डोळे तपासायचा कॅम्प ठेवला. डॉक्टर आले, तक्ता लावला, खुर्च्या मांडल्या, चहा-बिस्किटं. आणि ड्रायव्हर? सगळे गायब! एकाला अचानक टायर बघायचा होता, एकाचा फोन वाजला, एक तर गाडीखालीच शिरला. तपासलं आणि काही निघालं तर गाडी जाईल, हीच भीती. मामांनाही हीच होती, आणि मामांकडे बघून ती आणखी वाढलीय, हे मला दिसत होतं. दोघं जण आले. त्यातला एक स्वतःसाठी नाही, गावी वडिलांना चष्मा पाठवायचा म्हणून नंबर विचारायला.

मी गेटवर उभी राहून हाका मारत होते. मामा माझ्या शेजारी, बाह्या सरसावून, त्या गाडीखालच्याला ओरडत होते, "अरे, पळतंस कित्याक रे? तुझे डोळे कोण काढून घेणा नाय! भायर ये आधी!"

तो बाहेर आला नाही. डॉक्टरांचा चहा गार झाला. मी एक खुर्ची उचलली, गाडीच्या चाकाशी नेऊन ठेवली आणि तिथेच बसले. कधीतरी बाहेर येईलच.